दोन हलवलेली गावं

सोयाबीन निघालं की औशाभोवतीची रानं एकदम बोडकी होतात. आठ दिवसांपूर्वी जिथं मांडीएवढं पीक उभं होतं तिथं नुसती काळी ढेकळं, बांधाला भुसाचे ढीग आणि मधूनच तुरीची एखादी ओळ, पिवळ्या फुलांनी भरलेली. मळणीयंत्राची धूळ गावात येते, शाळेच्या खिडक्यांच्या गजांवर बसते, मुलींच्या वेण्यांवर बसते. लोक म्हणतात, सुगी आली. मला या दिवसांत लहानपणापासून कसंतरीच होतं. सकाळी उठावंसं वाटत नाही, दुपारी कुणी बोललं तर ऐकू येऊनही कळत नाही. दोन वर्षांपासून या दिवसांत आणखी एक रान येऊन मिसळलं आहे. ते इथलं नाही.

काल संदीपनं फोटो पाठवला. झाडाखाली हिरवी जाळी अंथरलेली, तिच्यावर काळी-जांभळी ऑलिव्हची फळं. खाली एवढंच लिहिलं होतं, "सुरू झालं." संदीप माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा जवळजवळ अकरा वर्षांनी लहान. तो पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात राहतो, ऑलिव्हच्या बागांत काम करतो. मी त्या गावात एकदाच गेले, अण्णा गेले त्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत. अण्णा म्हणजे आमचे वडील.

अण्णा चैत्रात गेले. शेवटची सहा वर्षं ते माझ्याकडेच होते, औशाला. संदीप आला नाही. चुलतभावानं फोन धरून ठेवला आणि त्यानं त्या एवढ्याशा पडद्यावर बापाची चिता बघितली. कागद अडकलेत, असं म्हणाला. तिकडचं राहण्याचं कार्ड हातात यायचंय, आत्ता देश सोडला तर परत घेणार नाहीत. मी "बरं" म्हणाले. पण तेराव्यापर्यंत जो कोणी भेटायला आला त्यानं एकच विचारलं, पोरगा आला नाही का. आणि प्रत्येकाला कागदांचं सांगताना माझ्या आवाजात काहीतरी साचत गेलं. पावसाळा संपला तरी ते गेलं नाही. आमचे हे म्हणाले, "एकदा जाऊन ये. समोर बसून बोला." म्हणून मी गेले. भावाला भेटायला गेले असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी भांडायला गेले होते.

परदेश म्हणजे हिरवंगार असणार अशी माझी समजूत होती. लिस्बनहून बस निघाली आणि दोन तासांत बाहेर आपल्यासारखंच रान दिसायला लागलं. उन्हानं भाजलेलं, खडकाळ, लांबवर एखादं झाड. बुचाची झाडं होती. त्यांची साल खालून सोलून काढलेली, आतलं खोड लालसर तपकिरी, गुडघ्यापासून खरचटलेल्या पोरासारखं. प्रत्येक खोडावर पांढऱ्या रंगात एकेक आकडा लिहिलेला. संदीपनं नंतर सांगितलं, साल कोणत्या वर्षी काढली त्याचा तो आकडा. नवी साल यायला नऊ वर्षं लागतात. तोवर त्या झाडाला कोणी हात लावत नाही.

तो थांब्यावर उभा होता. मला आधी ओळखूच आला नाही. कानाजवळ पांढरे केस, खांदे पुढं आलेले. पाया पडला आणि बॅग घेऊन चालायला लागला. मी त्याच्या मागं. दोन्ही बाजूंना पांढरी बुटकी घरं, खालून निळा पट्टा दिलेला. सगळी सारख्या उंचीची, सारख्या दारांची. रस्ते सरळ, रुंद, आणि त्यांवर कोणी नाही. एक म्हातारा भिंतीला टेकून उन्हात बसलेला, एक कुत्रं. मी थांबले.

"संदू, हे गाव हलवलेलं हाय का?"

तो वळला. "तुला कुणी सांगितलं?"

"रस्ते बघ की."

त्यानं त्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "धरणात गेलं जुनं. लई वर्षं झाली. सरकारनं इकडं बांधून दिलं."

हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. लोकांनी वसवलेल्या गावात रस्ता वाकतो. कुणाच्या तरी ओट्याला वळसा घालतो, चिंचेच्या झाडापाशी थबकतो, एखाद्या भांडणापायी निम्मा अरुंद होतो. कागदावर आखलेल्या गावाला असलं काही नसतं. आमचंही गाव असंच आहे. भूकंपात जुनं गाव पडलं आणि दोन कोसांवर माळावर नवं बांधलं. घरांना नंबर दिले. जुन्या गावात आमच्या आणि शेजारच्या भिंतीत हात जाईल एवढं भगदाड होतं. माय त्यातून कालवणाची वाटी द्यायची आणि तिकडून ताकाचं भांडं घ्यायची. नव्या गावात समोरच्या उंबऱ्यावरच्या बाईशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. हळूहळू बाया बोलायच्याच बंद झाल्या. अण्णा त्या घराच्या स्लॅबखाली एक दिवसही झोपले नाहीत. अंगणात बाज, पावसाळ्यात वर पत्रा. माझ्याकडे औशाला आले तेव्हाही गॅलरीत झोपायचे. थंडीत मी भांडायचे, तर म्हणायचे, "माझं मी बघतो."

संदीपचं घर गावाच्या टोकाला होतं. बरोबर राहणारे पंजाबकडचे दोघंजण दिवाळीला आपल्या नातेवाइकांकडे शहरात गेले होते. घरात आम्ही दोघंच. त्यानं भात-वरण केलं, मी आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली. जेवलो. अण्णांचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. येताना विमानात मी वाक्यं जुळवत होते, तुला लाज नाही वाटली का, इथपासून. ती सगळी तोंडात होती आणि मी विचारत होते, "मीठ कमी झालं का रं?"

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बागेत गेले. तिथं नव्या बागा आहेत, यंत्रानं झोडपायच्या, मैल मैल एकसारख्या. पण त्या दिवशी त्याचं काम एका जुन्या बागेत होतं. झाडं शंभर-दीडशे वर्षांची असतील. खोडं पिळवटलेली, आतून पोकळ, आणि त्या पोकळ खोडावर हिरवी-करडी पानं. माणसं खाली जाळी ओढून घेतात, मग एक ट्रॅक्टर येऊन खोडाला चिमट्यासारखं धरतो आणि हलवतो. सबंध झाड थरथरतं. फळं गारांसारखी पडतात. उरलेली लांब काठ्यांनी झोडायची.

पहिलं झाड हललं तेव्हा पायाखालची जमीनही हलली. थोडीशीच. मी जागच्या जागी खाली बसले. कुणाला कळलं नाही. संदीपला कळलं. तो काठी टाकून आला, माझ्याजवळ उकिडवा बसला.

"अक्का, ट्रॅक्टर हाय त्यो."

"कळतंय मला."

"तू त्या भिंतीपाशी जाऊन बस. तिथं हादरा लागत न्हाई."

मी जाऊन बसले. त्याची बोटं जाड झाली होती, नखांत काळा रस मुरलेला. लहानपणी हीच बोटं धरून मी त्याला अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. तो अडीच वर्षांचा होता तेव्हा माय गेली. त्याला तिचं काहीच आठवत नाही. शाळेत असताना विचारायचा, माय कशी होती, आणि मी सांगायचे, चांगली होती. उंच होती का? होती. गोरी होती का? आपल्यासारखीच. बस, एवढंच. फोटो एकही नव्हता, जो होता तो घराबरोबर गेला. पुढं त्यानं विचारायचं सोडलं. मला वाटलं, सवय झाली.

संदीपच्या शेजारी फिलोमेना नावाची एक म्हातारी राहायची. नवरा गेल्यापासून काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल. तो तिला 'तिया' म्हणायचा. तिया म्हणजे मावशी. तिची लाकडं हा फोडून द्यायचा, आणि ती याला जेवायला बोलवायची. तिसऱ्या दिवशी तिनं आम्हा दोघांना बोलावलं. शिळ्या पावाचे तुकडे, लसूण आणि कोथिंबीर खलबत्त्यात कुटलेली, त्यावर तेल, उकळतं पाणी आणि एक अंडं. कोथिंबिरीचा वास आला आणि मी घरून निघाल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली. ती माझ्याकडे बघून काही बोलली. संदीप म्हणाला, "ती म्हणती, तू रडून आल्यासारखी दिसतीस."

"तिला सांग, प्रवासाचं हाय."

त्यानं सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं, एवढं मला भाषा न येता कळलं.

गावात तरुण माणूस म्हणजे असे बाहेरून आलेलेच. गावातली मुलं शहरात, नाहीतर दुसऱ्या देशांत. शाळा बंद होती. मी शिक्षिका, त्यामुळे शाळा दिसली की पाय आपोआप वळतात. काचेतून आत बघितलं. बाकं एकावर एक रचून ठेवलेली, फळा पुसलेला. बाहेर अंगणात झोक्याची लोखंडी चौकट होती, झोका काढून नेलेला. नवं गाव बांधताना त्यांनी सगळं दिलं होतं, शाळा, दवाखाना, चर्च, बसायला बाकं. आमच्याकडेही दिलं होतं. सगळं दिलं की मग माणसानं कशाबद्दल बोलायचं, हेच कळत नाही. काय गेलं ते मागता येत नाही, कारण त्याचा अर्जात रकानाच नसतो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि त्यांचा मेलेल्यांना भेटायचा सण एकाच दिवशी आला. सकाळपासून गावात गाड्या यायला लागल्या. शहरातली मुलं-नातवंडं आली. ज्याच्या त्याच्या हातात शेवंतीची फुलं. पांढरी, पिवळी, भरगच्च. मला वाटलं आपल्या दसऱ्याची फुलं इथं कशी. तियानं संदीपला बादली आणि घासणी धरायला सांगितली आणि आम्ही तिघं तिच्या नवऱ्याच्या थडग्याकडे निघालो.

गावाबाहेर पांढऱ्या भिंतीच्या आत ती जागा होती. संगमरवरी फरशा, प्रत्येकीवर अंडाकार चकतीत माणसाचा फोटो. सगळीकडे बाया गुडघ्यांवर बसून फरशा घासत होत्या. रडणं नव्हतं. घर सारवताना बोलतात तसं बोलणं चाललं होतं. तियानं फरशी घासली, मी पाणी घातलं. फोटोत जाड मिशांचा एक माणूस. तिनं त्या फोटोवरून ओला अंगठा फिरवला, पोराचं तोंड पुसावं तसा.

मग ती सांगायला लागली आणि संदीप मला सांगत गेला. तिचा नवरा जुन्या गावात मेला होता. धरणाचं पाणी येणार म्हटल्यावर गावानं एकच हट्ट धरला, आधी आमची मेलेली माणसं न्या. जुन्या स्मशानाभोवती उंच कापड लावलं, कोणाला बघू दिलं नाही. एकेकाला काढून इथं आणलं, त्याच क्रमानं ठेवलं, शेजारी होते ते शेजारी. मग जिवंत माणसं आली. ती म्हणाली, घर बुडलं त्याचं मला फार वाटलं नाही. हा इथं होता.

मी ऐकत होते. माझ्या हातातली बादली जड झाली म्हणून खाली ठेवली.

आमच्या गावात भूकंपाच्या दिवशी पाऊस होता. लाकूड ओलं. जवानांनी आणि आजूबाजूच्या गावांतल्या माणसांनी जिथं जमेल तिथं चिता रचल्या, एकेका चितेवर कितीतरी माणसं. दाराच्या चौकटी, मोडलेल्या बाजा, नांगर, जे हाताला लागलं ते लावलं. मायला कोणत्या चितेवर ठेवलं ते अण्णांना माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी गेले तर राख एकच होती. त्यांनी मूठभर घेतली आणि परत टाकली. कोणाची घ्यायची? एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून त्या दिवसाबद्दल मी ऐकलेलं ते एकच वाक्य.

तियानं संदीपला काहीतरी विचारलं. तो वाकून घासणी उचलायला लागला. तिनं पुन्हा विचारलं.

"काय म्हणती?" मी म्हणाले.

"तुमची माय कुठं हाय म्हणती."

"मग सांग की."

"काय सांगू, अक्का? मला काय म्हाईत?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुम्ही दोघांनी मला कधी सांगितलं का?"

म्हातारी आमच्या तोंडांकडे बघत होती. तिनं आपल्या पुंजक्यातली दोन फुलं काढली आणि माझ्या हातात दिली. ती कुठं ठेवायची ते मला कळेना. मी ती घरापर्यंत तशीच धरून आणली.

संध्याकाळ व्हायला लागली होती. मी बरोबर आणलेल्या चार पणत्या खिडकीत लावल्या. संदीप दारातल्या पायरीवर बसला होता, त्याच्या पाठीवर थोडा उजेड. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. समोर तो रुंद रस्ता. पाहुण्यांच्या गाड्या परत चालल्या होत्या.

तोच आधी बोलला. "कार्ड आलं होतं अक्का. अण्णा गेले त्याच्या महिनाभर आधी."

मला वाटलं मी आता ओरडेन. पण मी जाणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिले.

"मला येता येत होतं. मी आलो न्हाई."

"का रं?"

"तोंड बघवलं नसतं त्यांचं. जित्तेपणीच बघवत नव्हतं." त्यानं पायरीजवळ पडलेलं ऑलिव्हचं एक फळ उचललं, चुरडलं. "मी बारावीला असताना मामाच्या गावाला गेलो होतो बघ. तिथं मामानं सांगितलं. म्हणला, दोघंबी जित्ते होते आत. तुझ्या बापानं तुला काढलं अन् माझ्या भनीला सोडलं. त्याच्यानंतर मी अण्णांच्या समोर बसून जेवलो न्हाई कधी. तुझ्या ध्यानात आलं होतं का?"

आलं होतं. मला वाटायचं, वयात आलेला मुलगा आहे, बापाशी असं होतंच. मामा भूकंपानंतर आमच्याकडे कधी आला नाही, तेही मी दुःखाच्या खात्यावर टाकून दिलं होतं.

"तू होतीस ना तिथं?" तो म्हणाला. "खरं काय ते सांग. माय काय म्हणली?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, आणि त्याचं उत्तरही मी तयार ठेवलं होतं. 'माय म्हणाली, आधी बाळाला काढा.' किती सोपं वाक्य. त्यानं सगळे सुटले असते. मामाचं तोंड बंद झालं असतं, अण्णा मेल्यावर का होईना मोकळे झाले असते, संदीपच्या छातीवरचा दगड उतरला असता. मी तोंड उघडलं. आणि त्याचे ते काळे झालेले हात बघून मला ते म्हणता आलं नाही.

मी त्याला जे झालं ते सांगितलं. अण्णा आणि मी बाहेर अंगणात झोपलो होतो, म्हणून वाचलो. माय आणि तो आत. उजाडलं तेव्हा घर नव्हतं, दगड-मातीचा ढीग होता आणि वरून बारीक पाऊस. त्याचं रडणं एका बाजूनं येत होतं, वरच्यावर. मायचा आवाज पलीकडून, खोलातून. अण्णा एकटे. आजूबाजूला सगळे आपापल्या ढिगावर. हातांनी एकच जागा उकरता येत होती. जिथं आवाज जवळचा होता तिथं ते बसले. त्यांनी निवड केली असं मला आजही वाटत नाही. हात जिथं पोचत होते तिथं त्यांनी हात घातले.

"अन् मला म्हणाले, शालू, तू मायच्या बाजूला जा. तिच्याशी बोलत राहा. तिला झोपू देऊ नको."

संदीप माझ्याकडे बघत होता.

"मी गेले. दगडाला कान लावून बसले. ती म्हणली, शालू हायस का? म्हणलं, हाय. मग ती सारखी एकच विचारायला लागली. संदू निघाला का गं? मी म्हणायची, निघतोय माय, निघतोय. अन् मग पुन्हा एक धक्का आला. दगड घसरले. मी पळाले."

"कुठं?"

"रस्त्यावर. गावाबाहेर. वडाखाली जाऊन उभी राहिले. किती वेळ ते म्हाईत न्हाई. परत आले तर अण्णांच्या मांडीवर तू होतास. पांढराफटक, नाकातोंडात माती, पण जित्ता. मी पळत मायकडं गेले सांगायला. दगडाला तोंड लावून ओरडले, माय, संदू निघाला. संदू निघाला."

पुढचं सांगायची गरज नव्हती. तरी मी सांगितलं. "तिचा आवाज आला न्हाई. अण्णांनी मला कधी काही विचारलं न्हाई. मी तिथून पळाले होते हे त्यांनी बघितलं होतं. शेवटची सहा वर्षं माझ्या घरी राहिले, माझ्या हातचं खाल्लं, पण कधी विचारलं न्हाई. त्यांनी एकदा विचारलं असतं, तर बरं झालं असतं."

संदीपच्या चेहऱ्यावर उजेड नव्हता, त्यामुळे काय चाललंय ते मला दिसलं नाही. त्यानं विचारलं, "माझं नाव घेत होती?"

"तुझंच."

तो उठून आत गेला. मला वाटलं रडेल. त्यानं भांडी घासली. सगळी, स्वच्छ होती तीही.

त्यानंतरचे चार दिवस आम्ही फार बोललो नाही. पण ते आधीसारखं न बोलणं नव्हतं. तो कामावरून आला की माझ्याजवळ बसायचा. एकदा त्यानं विचारलं, माय कोणती भाजी चांगली करायची. मी म्हणाले, चुक्याची, शेंगदाणे घालून. पुन्हा एकदा विचारलं, ती रागावायची का. म्हणाले, लई. दोन्ही वेळा तो नुसताच मान हलवून उठला. मला वाटायचं तो आता मला काहीतरी बोलेल. म्हणेल की तू पळाली नसतीस तर. तो म्हणाला नाही, आणि म्हणून मी त्या घरात रोज थोडी जास्त अवघडून वावरत राहिले. सांगून टाकलं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला हलकं वाटलं नाही. इतकी वर्षं ते माझ्या एकटीचं होतं, आता त्याच्यावरही टाकलं, एवढंच वाटत होतं.

निघायच्या दिवशी तो थांब्यावर सोडायला आला. धुकं होतं. बस यायला अवकाश होता. त्यानं बॅग खाली ठेवली आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "अक्का, तू तवा केवढी होतीस?"

"तेरा वर्षांची. आठवीत होते."

"आठवीत," तो म्हणाला. मग, "आठवीतल्या पोरी केवढ्या असत्यात गं? तू तर रोज बघतीस."

बस आली. त्यानं बॅग आत ठेवली, पाया पडला. काचेतून बघितलं तर तो तसाच उभा होता, हात न हलवता. मग धुक्यात तो दिसेनासा झाला, ती सगळी पांढरी, सारखी घरंही दिसेनाशी झाली.

संदीप अजून इकडे आलेला नाही. येईल असं मी धरूनही चाललेले नाही. फोन करतो. महिन्यातून एकदा मायचं काहीतरी विचारतो, आणि मला माहीत असलेलं आता संपत आलं आहे. अण्णांबद्दल मात्र तो अजून एक शब्द काढत नाही. मामाला मी जाऊन भेटले, जे झालं ते सांगितलं. तो आता फार थकला आहे. त्याला ऐकू कमी येतं. तो "हाव, हाव" म्हणत राहिला, आणि त्याला काय समजलं ते मला कळलं नाही.

त्या वर्षी मी परत आले आणि दिवाळीनंतरची शाळा सुरू झाली. पहिलाच तास आठवीवर. बाहेर मळणीयंत्र चाललं होतं. मी हजेरी घ्यायला लागले. दहाबारा नावं झाली असतील. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली, "हजर, मॅडम." तेलानं चापून बसवलेल्या दोन वेण्या, तळहातावर दिवाळीची फिकी पडलेली मेंदी, वाढत्या अंगाचा म्हणून घेतलेला ड्रेस, बाह्या कोपराखाली आलेल्या. पुढचं नाव घ्यायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. मी तिच्याकडे बघत उभी राहिले.

"मॅडम, काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "माझं काही चुकलं का?"

"नाही गं," मी म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही. बस खाली."

ती बसली. बाकावर बसल्यावर तिचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते.